साहेबांची पेडिग्री आणि करकोच्याचा पाय

प्रश्न : आमच्या ऑफिसात नवीन साहेब आले. त्यांची ओळख करून देणारा मेल एचआरने सगळ्यांना पाठवला आणि त्यात साहेबांकडे 'इम्पेकेबल पेडिग्री' आहे असं लिहिलेलं होतं. दिवसभर ऑफिसात तोच विषय, कारण आम्हाला पेडिग्री म्हटलं की कुत्र्याचं खाणं आठवतं. एकाने तर साहेबांच्या केबिनकडे बघून हळूच भुंकून दाखवलं. घरी येऊन डिक्शनरीत बघितलं तर अर्थ दिलाय वंशावळ. मग साहेबांच्या वंशावळीशी आम्हाला काय देणंघेणं? की मेल लिहिणाऱ्याचंच चुकलं? आणि अजून एक, हा शब्द आपल्या 'पिढी'वरून तिकडे गेलाय असं आमच्या एका मित्राचं ठाम म्हणणं आहे, ते खरं का?

उत्तर : भुंकणाऱ्या सहकाऱ्याला सांगा की चूक त्याचीही नाही आणि मेल लिहिणाऱ्याचीही नाही. आणि तुमच्या मित्राचं चुकलंय, पण इतकं छान चुकलंय की आधी त्याच्याकडेच जाऊ.

पिढी आणि पेडिग्री. कानाला सख्ख्या बहिणी वाटतात, अर्थही घरातलाच, त्यामुळे असं वाटणं साहजिक आहे. पण नातं काही नाही. आपली पिढी आली 'पीठ' या शब्दाकडून, दळायचं पीठ नव्हे, बसायचं. पीठ म्हणजे आसन, पाट. बसायच्या पाटाला जुन्या मराठीत पिढं म्हणतात ते त्याच घरातलं. म्हणजे बाप उठला, मुलगा बसला, मुलगा उठला, नातू बसला, आसन तेच आणि बसणारा बदलतो, ती पिढी. गंमत म्हणजे फारसीच्या वळणाने आलेला वंशावळीचा एक जुना शब्द आहे कुर्सीनामा, त्यातसुद्धा कुर्सीच आहे. आपल्याकडच्या भाषांना घराण्याचा विचार करताना बसायची जागा दिसली.

इंग्रजांना काय दिसलं? पक्ष्याचा पाय दिसला.

पेडिग्री हा शब्द इंग्रजीत आला १५व्या शतकाच्या सुरुवातीला, आणि आला फ्रेंचमधून, म्हणजे इंग्लंडात तेव्हा जी फ्रेंच चालायची तिच्यातून. मूळ शब्द 'पिए द ग्रू', अर्थ करकोच्याचा पाय. क्रौंच म्हणा हवं तर. आता हा कुठून आला मध्येच, तर एक कागद घ्या आणि वर बापाचं नाव लिहा. खाली थोड्या अंतरावर तीन मुलांची नावं. आता बापाच्या नावाखालून एक रेघ काढा मधल्या मुलापर्यंत, एक डावीकडच्या मुलापर्यंत आणि एक उजवीकडच्या. झालं काय? ओल्या मातीत पक्षी चालून गेल्यावर उमटतो तसा तीन बोटांचा ठसा. जुन्या वंशावळींच्या गुंडाळ्यांवर एका पिढीखाली दुसरी दाखवायची खूण अशीच असायची, आणि त्या खुणेचंच नाव मग अख्ख्या वंशावळीला पडलं. पुढे लिहिणाऱ्यांनी त्याची स्पेलिंगं दहा प्रकारे केली, शेवटी 'डिग्री' शब्दाच्या ओढीने की काय ते आत्ताच्या वळणावर येऊन बसलं. पण डिग्रीशी त्याचा मुळात संबंध नाही.

म्हणजे तुमच्या मित्राला असं सांगा, बाबा रे, नातं आहे, पण पिढीशी नाही, पायाशी आहे. कारण त्या फ्रेंच शब्दातलं 'पिए' हे लॅटिनच्या ज्या शब्दावरून आलं त्याच शब्दावरून पेडल, पेडेस्ट्रियन, पेडिक्युअर हे सगळे आले, आणि तो लॅटिन शब्द, संस्कृतमधला पाद आणि आपला साधा पाय हे मुळात एकाच घरचे. पेडिग्रीतला 'पे' हा खरोखरच पाय आहे.

(पक्ष्यांच्या पायांवरून खुणांना नावं द्यायची खोड फक्त तिकडचीच नाही हं. पोथ्या नकलून काढणारे आपले लेखक एखादं अक्षर राहिलं की दोन ओळींच्या मध्ये जी छोटी खूण करायचे तिला काकपद म्हणतात, कावळ्याचा पाय. आणि आयटीत काम करणाऱ्या वाचकांना माहीत असेल, डेटाबेसची आकृती काढताना एकाला अनेक जोडलेले दाखवायचे असले की रेघेच्या टोकाला तीन बोटं काढतात, तिला क्रोज फूट म्हणतात. सहाशे वर्षांपूर्वी वंशावळ काढणारा कारकून आज कुणाच्या लॅपटॉपमध्ये डोकावला तर तो म्हणेल, हे तर आमचंच आहे.)

आता तुमचा मुख्य प्रश्न, साहेबांना पेडिग्री कशी काय.

डिक्शनरीने दिलेला वंशावळ हा अर्थ बरोबर आहे पण अर्धाच आहे, आणि माझ्या मते सगळा घोळ तिथेच होतो. आपण वंशावळ म्हटलं की मनात येतं रक्त, घराणं, पूर्वज. पेडिग्री म्हटलं की इंग्रजी माणसाच्या मनात आधी येतो कागद. लिहून ठेवलेला, दाखवता येणारा, कुणी विचारलं तर पुढे करता येणारा. पूर्वज सगळ्यांनाच असतात हो. रस्त्यावरच्या कुत्र्याला जितके पूर्वज आहेत तितकेच शोमध्ये बक्षीस मिळवणाऱ्या कुत्र्यालाही आहेत, एक कमी नाही की एक जास्त नाही. फरक इतकाच की दुसऱ्याच्या पूर्वजांची कुणीतरी वहीत नोंद ठेवली आणि पहिल्याच्या ठेवली नाही. ती नोंद म्हणजे पेडिग्री. म्हणून इंग्रजीत अँसेस्ट्री प्रत्येकाला असते पण पेडिग्री काहींनाच असते.

हा फरक लक्षात आला की कुत्रा, घोडा, साहेब, तिघेही एका ओळीत बसतात (साहेबांना सांगू नका).

जनावरांसाठी हा शब्द १६०० च्या आसपासपासून सापडतो. पुढे इंग्लंडात शर्यतीच्या घोड्यांच्या नोंदींचं जनरल स्टड बुक निघालं, १७९१ साली. आजच्या थरोब्रेड घोड्यांच्या बापाच्या बाजूने मागे मागे जात राहिलात तर तीनपैकी एका घोड्यापाशी पोचता, बायरली टर्क, डार्ली अरेबियन किंवा गोडॉल्फिन अरेबियन. यातला डार्ली अरेबियन इंग्लंडात आला १७०४ मध्ये. बापाच्या बाजूने त्या तिघांच्या मागे नोंद जात नाही, वही तिथे संपते. कुत्र्यांचं म्हणाल तर लंडनमध्ये केनेल क्लब १८७३ साली स्थापन झाला आणि मग कुत्र्यांच्याही अशाच वह्या सुरू झाल्या. खाण्याच्या पाकिटावर ते नाव आलं ते याच प्रतिष्ठेपायी, की बघा, आमचं खाणं खानदानी कुत्र्यांच्या तोंडचं आहे.

एका ओळखीच्यांकडे कुत्र्याचा पेडिग्रीचा कागद मी नीट बघितलाय. आडवा कागद, डाव्या टोकाला मधोमध कुत्र्याचं नाव, तेही एवढं लांबलचक की घरी त्याला सगळे चिकू म्हणतात यावर विश्वास बसत नाही. त्याच्या उजवीकडे दोन नावं, वर बाप आणि खाली आई. त्याच्या उजवीकडे चार, मग आठ, मग सोळा, आणि जसजसं उजवीकडे जावं तसतशी अक्षरं बारीक होत जातात. पाच पिढ्यांचा कागद असेल तर एकूण ६२ नावं. त्या चिकूच्या मालकांना स्वतःच्या पणजीचं नाव आठवेना हे मी त्यांना तिथल्या तिथे विचारून बघितलं, त्याबद्दल त्यांनी मला अजून माफ केलेलं नाही. त्या कागदावर बापाला 'सायर' म्हणतात आणि आईला 'डॅम'. हा सायर म्हणजे जुन्या काळी राजाला हाक मारताना वापरायचे तोच, आपण ज्याला 'सर' म्हणतो त्याचा थोरला भाऊ. आणि डॅम म्हणजे 'डेम', बाईसाहेब. घोड्याकुत्र्यांच्या आईबापांना एवढा मान आहे.

इथे एक लक्षात घ्या, चिकूचा कागद आणि आपण मघाशी काढलेली करकोच्याची आकृती या एकमेकींच्या उलट्या आहेत. मघाशी वर एक बाप होता आणि खाली पसरत जाणारी मुलं. आपली वंशावळ सहसा अशीच असते, वर मूळपुरुष आणि खाली त्याचा विस्तार. त्यात एक मूळ, अनेक वंशज. चिकूच्या कागदात उलट, एक वंशज आणि त्याच्यामागे फुगत जाणारे अनेक पूर्वज. वंशावळ शोधायचा छंद असलेली मंडळी आज इंग्रजीत 'पेडिग्री चार्ट' म्हणतात ती ही दुसरी, आणि पहिलीला 'डिसेंडंट चार्ट'. त्यामुळे कुणी इंग्रजीत पेडिग्री चार्ट मागितला आणि तुम्ही मूळपुरुषापासून खाली आलेली वंशावळ दिलीत तर तो म्हणेल हे नव्हे. शब्द ज्या आकृतीवरून आला तिच्या बरोब्बर उलट आकृतीला तो आज चिकटलाय, भाषेत असं होतं.

या दुसऱ्या प्रकारात नंबर द्यायची एक जुनी युक्ती आहे ती मला फार आवडते. तुम्ही १. वडील २, आई ३. पुढे प्रत्येकाच्या वडिलांचा नंबर त्याच्या दुप्पट आणि आईचा दुप्पट अधिक एक. वडिलांचे वडील ४, वडिलांची आई ५, आईचे वडील ६, आईची आई ७. आता कुणी नुसतं म्हणालं की १३ नंबर कोण, तर कागद न बघता सांगता येतं. विषम आहे म्हणजे बाई. तिचं मूल ६, सहाचं मूल ३, म्हणजे आई. म्हणजे ही आईच्या वडिलांची आई, पणजी. १५९० साली मायकेल आइत्सिंगर नावाच्या गृहस्थाने ही पद्धत छापली होती आणि आजची सॉफ्टवेअर्सही तीच वापरतात. जेवताना पोरांना हे कोडं घाला, मोबाइल खाली ठेवतात.

पण हेच दुप्पट दुप्पट करत किती मागे जाता येईल? दहा पिढ्या मागे १०२४ पूर्वज, वीस पिढ्या मागे १०,४८,५७६, आणि तीस पिढ्या मागे १०७ कोटींच्या वर. तीस पिढ्या म्हणजे साधारण साडेसातशे वर्षं, आणि तेव्हा अख्ख्या जगात मिळून त्याच्या निम्मीही माणसं नव्हती असे अंदाज आहेत. मग बाकीचे पूर्वज आणले कुठून? आणले नाहीत, तेच ते पुन्हा पुन्हा आलेत. एकच माणूस तुमच्या आईकडूनही पणजोबाचा पणजोबा आणि वडिलांकडूनही. याला इंग्रजीत 'पेडिग्री कोलॅप्स' असा भारदस्त शब्द आहे. कोलॅप्स ऐकून घाबरू नका, घराण्याला काही झालेलं नसतं, फक्त कागदावरच्या वेगवेगळ्या चौकटीत एकच नाव येतं. राजघराण्यांत मात्र हे इतकं जवळ झालं की त्रास झाला. स्पेनचा दुसरा चार्ल्स, १६६१ ते १७००, याच्या बापाने सख्ख्या बहिणीच्या मुलीशी लग्न केलं होतं. म्हणजे चार्ल्सच्या आईची आई ही त्याची सख्खी आत्या. आजी आणि आत्या एकच बाई! तो जन्मभर आजारी राहिला, मूल झालं नाही आणि स्पेनमधली हॅब्सबर्ग गादी त्याच्यापाशी संपली. पेडिग्री एकदम कडक होती हो त्याची.

डॉक्टरांच्या जगातही पेडिग्री आहे आणि तिथे तिच्यात बडेजाव अजिबात नाही. जेनेटिक्सवाल्या डॉक्टरकडे गेलात की तो विचारत विचारत कागदावर चित्र काढत जातो, पुरुष असेल तर चौकोन, बाई असेल तर गोल, ज्याला आजार आहे तो चौकोन किंवा गोल काळा भरायचा, जो वारला त्याच्यावरून तिरकी रेघ, नात्यात लग्न असेल तर नवराबायकोमध्ये दुहेरी रेघ, आणि ज्याच्यापासून चौकशी सुरू झाली त्याच्याकडे बाण. याचंही नाव पेडिग्रीच. सगळ्यात प्रसिद्ध आहे ती राणी व्हिक्टोरियाची, रक्त न गोठण्याचा हिमोफिलिया तिच्या मुलांमधून युरोपभरच्या राजवाड्यांत कसा पोचला ते दाखवणारी. तिचा मुलगा लिओपोल्ड स्वतः आजारी, ॲलिस आणि बिॲट्रिस या मुली वरून ठणठणीत पण पुढच्या पिढीला देणाऱ्या, आणि ॲलिसच्या मुलीचा मुलगा म्हणजे रशियाचा शेवटचा युवराज ॲलेक्सी. त्या आकृतीत मुकुट कुणी बघत नाही, काळे चौकोन बघतात.

याच आकृत्या गेल्या शतकात भलत्या कामालाही लावल्या गेल्या. अमेरिकेत कोल्ड स्प्रिंग हार्बरला १९१० ते १९३९ एक युजेनिक्स रेकॉर्ड ऑफिस चाललं (युजेनिक्स म्हणजे निवडक घराण्यांची वीण वाढवून माणसाची जात सुधारायची कल्पना), घरोघरच्या पेडिग्री गोळा करून कुठली घराणी वाढू द्यायची आणि कुठली नाही हे ठरवायला निघालेलं. तिथल्या लोकांच्या पाठबळाने माणसांची सक्तीने नसबंदी करणारे कायदेही झाले. त्यामुळे आज इंग्रजीत एखाद्या माणसाच्या जन्माबद्दल, आईबापाबद्दल पेडिग्री हा शब्द काढला तर तो एकतर शिष्टपणाचा वाटतो नाहीतर टोमणा वाटतो. 'शी कम्स फ्रॉम गुड पेडिग्री' असं कुणी सरळ चेहऱ्याने म्हणालं तर ऐकणारा जरा चुळबुळतो. तुम्हीही माणसाच्या जन्माबद्दल हा शब्द न वापरलेलाच बरा.

मग साहेबांचं काय? तर माणसाबद्दल वापरताना शब्द रक्तावरून सरकून कामावर आलाय. साहेबांची इम्पेकेबल पेडिग्री म्हणजे ते शिकले कुठे, कुणाच्या हाताखाली तयार झाले, आधी कुठल्या कंपन्या, तिथे काय करून दाखवलं, सगळं स्वच्छ आणि दाखवण्याजोगं. कागद आहे इथेही, फक्त तो वंशावळीचा नाही, बायोडेटाचा आहे. माणूसच कशाला, कंपनीला पेडिग्री असते, क्रिकेट टीमला असते, एखाद्या कल्पनेलासुद्धा असते, 'हा विचार नवा नाही, त्याला जुनी पेडिग्री आहे' असं इंग्रजी लेखात सर्रास असतं. तेव्हा एचआरचा मेल इंग्रजी म्हणून बरोबरच होता. आपल्याकडे पेडिग्रीची ओळख पाकिटावरून झाली हे त्यांनी लक्षात घ्यायला हवं होतं, एवढंच.

मराठीत याला काय म्हणायचं यावर मी स्वतः एकदा तोंडावर पडलोय. भाषांतराच्या सुरुवातीच्या दिवसांत एका प्राध्यापकांच्या परिचयात 'ॲकॅडमिक पेडिग्री' आलं आणि मी बिनदिक्कत 'शैक्षणिक वंशावळ' असं ठोकलं. प्रूफ परत आलं तेव्हा त्या दोन शब्दांभोवती लाल गोल होता आणि समासात संपादकबाईंनी लिहिलं होतं, 'यांचे वडील पण मास्तर होते का?' मी लाजेने तो गोल खोडूही शकलो नाही, पेनाचा होता.

तेव्हापासून मी असं करतो की आधी बघायचं, बोलणं नक्की कशाबद्दल चाललंय. जनावर असेल तर वंशावळ किंवा सरळ पेडिग्रीच, कारण कुत्रेवाले मराठीतही पेडिग्रीच म्हणतात. माणसाचं करिअर असेल तर पार्श्वभूमी, कारकीर्द, कधी नुसतं 'तयारीचा माणूस'. संस्थेबद्दल असेल तर परंपरा. आणि गाणाऱ्याबद्दल असेल तर आपल्याकडे इंग्रजीपेक्षा सरस शब्द पडलाय, घराणं. गायकाचं घराणं विचारताना आपण बाप विचारत नाही, गुरू विचारतो. हे आपल्याकडे फार जुनं आहे, पाणिनीच्या व्याकरणावरच्या काशिका या टीकेत वंश म्हणजे काय ते सांगताना विद्येने किंवा जन्माने चालत आलेली परंपरा असंच म्हटलंय, आणि त्यातही विद्या आधी आणि जन्म नंतर. बृहदारण्यक उपनिषदात वंश म्हणून जी लांबलचक यादी येते ती कोणाकडून कोण शिकला याची आहे. म्हणजे ज्या अर्थाकडे इंग्रजीतली पेडिग्री उशिरा पोचली तो आपल्या वंशात आधीपासूनच होता, आपणच तो विसरून वंशाचा दिवा तेवढा धरून बसलो.

बाकी व्याकरणाचं थोडक्यात. उच्चार पेडिग्री, जोर पहिल्या पे वर. मराठीत ती पेडिग्री, डिग्रीसारखी स्त्रीलिंगीच. इंग्रजीत 'पेडिग्री डॉग' आणि 'पेडिग्रीड डॉग' दोन्ही चालतं. आणि साहेबांची पेडिग्री विचारायची असेल तर साहेबांनाच विचारू नका.

प्रश्न : परदेशातल्या एका नातेवाइकाने माझी ओळख त्याच्या मित्रांना 'फर्स्ट कझिन वन्स रिमूव्हड' अशी करून दिली. मला वाईट वाटलं. आमच्यात वाद झाले होते हे खरं, पण नात्यातून काढून टाकण्याइतके?

उत्तर : अहो, तुम्हाला कुणीही काढलेलं नाही. इथे रिमूव्हड म्हणजे एका पिढीच्या अंतरावरचा. हिशोब असा, दोघांचे आजीआजोबा एकच असतील तर फर्स्ट कझिन, पणजीपणजोबा एकच असतील तर सेकंड कझिन. पण हे दोघं एकाच पिढीतले असले तरच. तुमच्या वडिलांचा चुलतभाऊ तुम्हाला कोण लागतो? चुलतकाका. इंग्रजीत तो फर्स्ट कझिन वन्स रिमूव्हड. आणि तुमच्या चुलतभावाचा मुलगा? चुलतपुतण्या. इंग्रजीत तोही फर्स्ट कझिन वन्स रिमूव्हड! एक तुमच्या वरच्या पिढीतला, एक खालच्या, ज्याच्या पाया पडायचं तो आणि ज्याचे कान उपटायचे तो, दोघांना एकच शब्द. इंग्रजीला मामेभाऊ आतेभाऊ मावसभाऊ कळत नाहीत हे आपण नेहमी म्हणतो पण इथे तर काका-पुतण्याही कळलेला नाही. दोन पिढ्यांचं अंतर असेल तर ट्वाइस रिमूव्हड. वाद झाले होते ते मिटवा मात्र, त्याने तुम्हाला फर्स्टमध्ये ठेवलंय.

प्रश्न : पेपरात 'स्कियॉन ऑफ अ रॉयल फॅमिली' असं वाचलं. याचा उच्चार काय आणि वारस याच अर्थी वापरायचा का?

उत्तर : उच्चार सायन, त्यातला सी गप्प. अर्थ वारस नव्हे, वंशज, तोही नावाजलेल्या घराण्यातला. वारसाला इस्टेट मिळते, सायनला मिळेलच असं नाही, आडनाव मिळतं. मूळ अर्थ झाडाचा कोंब, आणि बागकामात आजही हा रोजचा शब्द आहे. कलम करताना खाली जे मुळांसकट झाड असतं तो खुंट आणि त्याच्यावर जी दुसऱ्या झाडाची काडी बसवतात ती सायन. आता गंमत बघा, कलमात वरची काडी आणि खालची मुळं ही वेगवेगळ्या झाडांची असतात, फळ काडीच्या गुणाचं लागतं आणि पाणी दुसऱ्याचं मूळ ओढतं. म्हणजे माळ्याच्या भाषेत सायन हा त्या मुळाचा कुणीच नव्हे, बाहेरून आणून जोडलेला. कुणी स्वतःला सायन म्हणवून घेत असेल तर एखाद्या माळ्याला शेजारी उभं करा.

प्रश्न : मला घराण्यांचा इतिहास शोधायचा छंद आहे. प्रोफाइलवर छंद म्हणून 'जिऑलॉजी' असं इंग्रजीत लिहिलं तर लोक दगडांचे फोटो पाठवतात. कुठे चुकलं?

उत्तर : तुम्हाला लिहायचं होतं जीनिॲलॉजी, तुम्ही लिहिलंत भूगर्भशास्त्र. मध्ये 'जीन'मधला न हवा, आणि शेवटच्या 'लॉजी'च्या आधी ओ नाही, ए. बायॉलॉजी, सायकॉलॉजी या सगळ्यांत ओ असल्यामुळे भलेभले इथेही ओ घालतात आणि चुकतात. ए असलेलं दुसरं शास्त्र लक्षात ठेवा, मिनरॅलॉजी, म्हणजे खनिजांचं. तेव्हा दगडांचे फोटो ठेवा जपून, स्पेलिंग आठवायला कामाला येतील.